धरमतर : बंदर, तर आणि पूल

खंडाळ्याच्या बाजूच्या डोंगरांतून निघालेली अंबा नदी जांभूळपाडा व पाली या गावांवरून वळसे घेत नागोठण्यास येते आणि तेथे तिची समुद्राच्या भरतीशी प्रथम गाठ पडते. त्यापुढे तिचे नदीपण नावापुरतेच उरते. भरतीच्या वेळी उलट्या दिशेने वाहणारे, ओहोटीला दोन्ही काठांचा चिखल उघडा टाकणारे आणि जागोजाग कांदळवनांनी वेढलेले ते खाडीचे पात्र उत्तरेकडे रुंदावत जाऊन रेवसजवळ मुंबईच्या बंदरास मिळते. या पात्राच्या पेणकडील काठावर वडखळ आणि डोलवी ही गावे आहेत व त्यांच्या लगतच धरमतर आहे. डोलवीचे नाव आज पोलादाच्या कारखान्यामुळे सर्वतोमुखी झाले असले, तरी शंभर वर्षांपूर्वी या परिसराची ओळख धरमतरच्या धक्क्यामुळे होती. आणि मुंबईहून महाड-महाबळेश्वराकडे निघालेल्या उतारूस, तो गोरा साहेब असो की गिरणीतून रजा घेऊन गावी चाललेला कामगार, या धक्क्याशी परिचय झाल्यावाचून राहत नसे.

या धक्क्याचे आणि खाडीवरील तरीचे पुढे काय झाले, याचे ठराविक उत्तर एका वाक्याचे आहे: पूल झाला आणि नावा गेल्या. हे उत्तर खोटे नव्हे, पण अपुरे आहे. कारण पूल झाल्यावरही काही ठिकाणी नावा टिकल्या, काही ठिकाणी गेलेल्या नावा परत आल्या, आणि काही ठिकाणी पूल होण्याच्या आधीच त्यांचा कारभार आटोपला होता. हा फरक का पडला, हे पाहावयाचे तर पाण्याच्या रुंदीपेक्षा सरकारी हिशेबाच्या वहीकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

पूल म्हटला की तो नावेचा वैरी असलाच पाहिजे, असा काही नियम नाही, याची साक्ष याच अंबा नदीवर उभी आहे. नागोठण्याचा जुना दगडी पूल १५८० च्या सुमारास, निजामशाहीच्या काळात, चौलच्या काजी अलाउद्दीनाने बांधला, असे कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात नमूद आहे. चौलकडे जाणारी घोडी, बैल आणि फौजा या पुलावरून गेल्या. तरी त्यानंतरची तीन शतके मचवे व पडाव भरतीची वेळ साधून नागोठण्यापर्यंत येतच राहिले. जेथे जलमार्ग संपत होता तेथेच हा पूल उभा राहिला असल्यामुळे त्याने कोणाची वाट अडवली नाही. उलट नावेने आलेला माल पलीकडे नेण्याची सोय झाली. बंदर आणि पूल परस्परांना पूरक असण्याचा तो काळ होता.

पेणचा मुलूख पेशवाईच्या अस्ताबरोबर १८१८ मध्ये इंग्रजी अंमलाखाली आला आणि पलीकडचे अलिबाग, म्हणजे आंग्र्यांचे कुलाबा संस्थान, १८४० मध्ये खालसा झाले. खाडीच्या दोन्ही तीरांवर एकाच सरकारचा अंमल बसला आणि १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचे मुख्य ठाणे अलिबाग. तालुक्याच्या कचेऱ्या मात्र पेण, रोहे, माणगाव, महाड अशा दूरदूर विखुरलेल्या. त्यामुळे कलेक्टरच्या स्वारीपासून फौजदारी खटल्यातील साक्षीदारापर्यंत ज्याला वडखळच्या रस्त्याने अलिबागेस हजर व्हावयाचे, त्याच्या वाटेत धरमतरची खाडी आडवी येई. तर ही जिल्ह्याच्या कारभाराची अशी नित्याची गरज होती.

तथापि सरकारने तरीकडे पाहिले ते निराळ्या दृष्टीने. १८६८ च्या मुंबई इलाख्याच्या तरींसंबंधीच्या कायद्याने सार्वजनिक तरी ठरवून देण्याचा, त्यांवर घ्यावयाच्या जकातीचे दर लावण्याचा आणि ती जकात वसूल करण्याचा हक्क मक्त्याने देण्याचा अधिकार सरकारकडे आला. तरींचे उत्पन्न लोकल फंडाच्या जमेकडे धरले जाई. लिलावात ज्याची बोली वरचढ ठरे तो मक्तेदार मुदतीपुरता त्या पाण्याचा धनी होई. नावा त्याने पुरवाव्या, माणसे त्याने ठेवावी, माणूस, बैल, घोडा, गाडी असे ज्याचे त्याचे निरनिराळे दर फळ्यावर लिहून उताऱ्यावर लावावे, आणि कबुलायतीप्रमाणे हप्ते भरावे. रस्ता हा सरकारच्या हिशेबात खर्चाच्या बाजूस मांडला जाई आणि तर ही जमेच्या बाजूस. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या भेदाने कोकणातील बहुतेक तरींचे भवितव्य आधीच लिहून ठेवले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्या तरीवरचा व्यवहार कसा चाले, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. कोकणातील खाड्यांवर उतारूंसाठी साधी होडी असे. पण बैलगाडी पार करावयाची झाली की दोन होड्या शेजारी बांधून त्यांवर आडव्या फळ्या ठोकलेली सांगड पुढे येई. बैल सोडून आधी त्यांना चढवावयाचे, मग माणसांनी खांदे लावून गाडी सांगडीवर ढकलावयाची व चाकांना दगडांची उटी द्यावयाची, असा क्रम होता. भरती असली तर ही कसरत घटकाभरात उरके. ओहोटीला मात्र पाणी आत सरके, काठावर मांडीभर चिखल उघडा पडे आणि उताऱ्यापासून होडीपर्यंत टाकलेल्या फळीवरून बायकामाणसांनी एका हाती चपला व दुसऱ्या हाती पोर सांभाळीत जावयाचे. उधाणाच्या दिवसांत ओढ इतकी जबर असे की तांडेल नाव थेट पलीकडे न घालता वरच्या अंगास पुष्कळ दूर नेई आणि मग प्रवाहाबरोबर तिरकी सोडून नेमकी उताऱ्याशी आणी. आगरी आणि कोळी समाजातील माणसांच्या अंगी हे कसब पिढीजात होते. कोणत्या तिथीस पाणी किती वाजता फिरते हे विचारण्यासाठी त्यांना पंचांग उघडावे लागत नसे.

धरमतरचे महत्त्व मात्र केवळ या आडव्या तरीचे नव्हते. मुंबईहून खाडीत थेट येणारी आगबोट हे त्याचे खरे वैभव होते. बोरघाटातून रेल्वे जाऊ लागली ती १८६३ मध्ये, आणि पनवेलसारख्या बंदरांवरून देशावर जाणारा बैलांचा तांडा तिने हळूहळू आपल्याकडे वळवला. परंतु दक्षिण कुलाब्यास रेल्वेचा स्पर्श त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ झाला नाही. महाड, पोलादपूर, महाबळेश्वर या बाजूस जाणाऱ्याने मुंबईस आगबोटीत बसावे, धरमतरला उतरावे आणि तेथून वडखळ, नागोठणे, कोलाड या रस्त्याने पुढे जावे, ही वहिवाट पडली. प्रारंभी डमण्या आणि टांगे उतारूंची वाट पाहत उभे असत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत त्यांच्या जागी खासगी मालकांच्या मोटारी आल्या. शेपर्ड कंपनी या नावाने कोकणी माणसाच्या तोंडी बसलेल्या बोटी आणि स्वदेशीच्या चळवळीत, १९०६ मध्ये, निघालेल्या इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी यांची या किनाऱ्यावर चढाओढ चाले. त्या चढाओढीत भाडी उतरत, सवलती मिळत आणि उतारूंचा लाभ होई.

या मार्गाचा एक उल्लेख महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात कायमचा राहिला आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रतिनिधींसह मुंबईहून निघाले, तेव्हा जवळचा मार्ग धरमतरचाच होता. धरमतरला उतरून मोटारीने काही तासांत महाड गाठता आले असते. पण महाडचे वातावरण तापलेले, मोटारमालक बहिष्कार घालण्याचा संभव, आणि तसे झाल्यास शेकडो माणसे महाडपासून कित्येक कोस अंतरावर खोळंबून पडणार! म्हणून तो मार्ग सोडून मंडळी ‘पद्मावती’ बोटीने लांबच्या सागरी वाटेने सावित्रीच्या खाडीतील दासगावास गेली, कारण तेथून महाड अवघे पाच मैल आणि कोणी गाडी दिली नाही तरी पायी चालत जाणे शक्य. प्रवासाची सोय ज्याच्या हाती असते त्याच्या हाती प्रवाशाची अडवणूकही असते, हे त्या निर्णयामागील शहाणपण होते. आणि धरमतर ते महाड हा रस्ता तोपर्यंत मोटारमालकांच्या मर्जीवर किती अवलंबून होता, याचाही तो पुरावा आहे.

आगबोटींच्या या युगावर सर्वांत गडद छाया पडली ती १७ जुलै १९४७ रोजी. दिव्याची अवस होती. सणासाठी घराकडे निघालेल्या उतारूंनी खच्चून भरलेली ‘रामदास’ ही बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक जीव गेले. बुडालेल्यांत अलिबाग व पेणच्या बाजूचे कितीतरी लोक होते आणि या खाडीच्या दोन्ही तीरांवरील गावांत त्या अवसेला पुढे अनेक वर्षे कोणाच्या ना कोणाच्या नावाने पान वाढले गेले. त्यापूर्वी नोव्हेंबर १९२७ मध्ये ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात सापडून बुडाल्या होत्या. तेव्हा बोट गेली म्हणून हळहळ करणाऱ्या लेखकांनी हे विसरता कामा नये की, ज्यांच्या घरातील माणसे या पाण्याने नेली, त्यांनी रस्त्याची आणि पुलाची वाट किती आतुरतेने पाहिली असेल.

धरमतरच्या आगबोटीचा मार्ग रस्त्याने हिरावला. मुंबई राज्याची एस.टी. १ जून १९४८ रोजी सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत तिने खासगी मोटारमालकांची जागा घेतली. पनवेलवरून पेण, वडखळ, नागोठणे, महाड असा सलग रस्ता जसजसा सुधारत गेला तसतसे बोटीने यावे, धक्क्यावर उतरावे आणि पुन्हा गाडीत बसावे, हा द्राविडी प्राणायाम अनावश्यक झाला. पुढे १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला आणि मुंबईहून ठाण्याचा वळसा न घेता पनवेल गाठता येऊ लागले. कितीतरी मैल दूरच्या वाशीच्या पुलाने धरमतरच्या बंदराची उरलीसुरली गरजही संपवली. बंदरे नेहमी आपल्याच दारातील पुलामुळे मोडत नाहीत, ही गोष्ट या इतिहासात आवर्जून नोंदवण्यासारखी आहे.

आडवी तर मात्र धरमतरच्या पुलानेच संपवली. स्वातंत्र्योत्तर काळात रस्ते बांधणीचा जो सपाटा सुरू झाला, त्यात अंबेच्या खाडीवर काँक्रीटचा पूल उभा राहिला आणि वडखळ ते अलिबाग हा रस्ता पोयनाडवरून अखंड झाला. मक्ता आपोआप संपुष्टात आला. तर जमेची बाब होती. जमा बंद झाली म्हणजे बाब बंद झाली. तिच्यावर पोट असलेल्या खलाशांची तजवीज करावी, उतारा वाहता ठेवावा, निदान काठावरच्या ज्या गावांना पूल आडवाटेला पडतो त्यांच्यासाठी एखादी नाव चालू ठेवावी, असा विचार त्या वहीत कोठेच बसत नव्हता. तांडेलांची मुले मासेमारीत, मिठागरांत, पुढे कारखान्यात व रिक्षांवर गेली. आणि खाडीकाठचा जो बाजार, जी वर्दळ, जो चहाचा आणि पानाचा धंदा धक्क्याभोवती होता, तो उठून वडखळच्या नाक्यावर जाऊन बसला. आज मुंबई-गोवा रस्ता आणि अलिबागचा फाटा जेथे मिळतात, त्या नाक्याचे नाव वाहनांच्या कोंडीमुळे महाराष्ट्रभर झाले आहे. बंदराची गर्दी जमिनीवर आली, एवढाच त्याचा अर्थ.

यापुढचा भाग कोणाच्या ध्यानीमनी नसलेला होता. माणसांनी सोडून दिलेल्या या पाण्यावर १९९० नंतरच्या काळात लोखंड आले. डोलवीस इस्पात उद्योगसमूहाचा पोलाद कारखाना उभा राहिला, २०१० च्या अखेरीस तो जिंदल समूहाच्या जेएसडब्ल्यूकडे गेला आणि वाढत वाढत वर्षाला एक कोटी टन क्षमतेपर्यंत पोहोचला. इतक्या मोठ्या कारखान्यास लागणारे लोहखनिज आणि कोळसा केवळ रस्त्याने किंवा रेल्वेने आणणे परवडणारे नव्हते. म्हणून जयगडसारख्या खोल बंदरांत किंवा मुंबईच्या बंदरात मोठ्या जहाजांतून उतरवलेला माल लहान जहाजांत आणि बार्जांत भरून खाडीने धरमतरच्या जेटीस आणावयाचा, तेथे क्रेनच्या जबड्यांनी उचलून वाहक पट्ट्यावर टाकावयाचा आणि तो पट्टा त्यास थेट कारखान्याच्या आवारात नेतो, अशी व्यवस्था झाली. पूल जेटीच्या आड येत नाही, आणि ज्या भरतीवर पूर्वी आगबोटीचे वेळापत्रक ठरे तिच्यावरच आता बार्जांचे ठरते. उतारूंच्या दृष्टीने मृत झालेला जलमार्ग कारखान्याच्या दृष्टीने इतका जिवंत आहे की त्याच्या अवजड रहदारीपायी आपली जाळी तुटतात व मासे दुरावतात, अशी खाडीतील कोळ्यांची तक्रार आहे. माणसांची वाहतूक पाण्यावरून गेली ती पाण्याचा मार्ग महाग होता म्हणून नव्हे. टनांच्या हिशेबात आजही त्याहून स्वस्त मार्ग नाही. ज्याला हिशेब मांडता आला, आणि ज्याच्यापाशी जेटी बांधण्याचे भांडवल होते, त्याने तो मार्ग पुन्हा उचलला.

गोव्यातील गोष्ट याहून वेगळी आहे. तेथे नद्यांवरच्या फेरीबोटी सरकारचे नदी परिवहन खाते चालवते. पायी उतारूकडून भाडे घेतले जात नाही. म्हणजे फेरीबोट हा तेथे रस्त्याचाच पाण्यावरचा तुकडा समजला जातो आणि तिचा खर्च रस्त्याप्रमाणेच सरकारी तिजोरीवर पडतो. याचे मोल जुलै १९८६ मध्ये कळले. मांडवीवर १९७० मध्ये बांधलेला नेहरू पूल त्या महिन्यात कोसळला आणि पणजी व पर्वरी या दोन तीरांमधील दळणवळण एका क्षणात तुटले. फेरीबोटी, धक्के आणि त्या चालवणारी माणसे खात्याजवळ शिल्लक होती, म्हणून नवा पूल १९९२ मध्ये होईपर्यंत लोकांचा व्यवहार चालू राहिला. दिवाडी बेट तर आजही फेरीबोटीवरच आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा अनुभव याच जातीचा: १९३७ मध्ये गोल्डन गेट पूल झाल्यावर तेथल्या फेरीबोटी काही वर्षांतच बंद पडल्या, पण पुलावरील कोंडी असह्य झाली तेव्हा १९७० मध्ये पूल सांभाळणाऱ्या संस्थेनेच फेरीबोट पुन्हा सुरू केली आणि पुलाच्या पथकरातून तिला आधार दिला. पुलाच्या उत्पन्नाने नाव जगवावी, ही कल्पना आपल्याकडे अद्याप कोणी गांभीर्याने मांडलेली दिसत नाही.

पण नावेची गरज आपल्याकडेही परत आली आहेच. वडखळच्या कोंडीला कंटाळलेल्या प्रवाशासाठी भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी नेणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. दाभोळ-धोपावे मार्गावर अशीच फेरी २००३ पासून खासगी उपक्रमाने चालू आहे. दुसरीकडे, १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलगाडी पोहोचली; मोरा ते भाऊचा धक्का या जुन्या लाँचचे उतारू त्यामुळे विभागले जाणे स्वाभाविक होते. परंतु अटल सेतूवर दुचाकीस मज्जाव आहे आणि मोटारीस जबर पथकर आहे. टोपली घेऊन मुंबईस जाणाऱ्या कोळणीसाठी तो पूल बांधलेला नाही. ज्याच्यापाशी वाहन नाही त्याला मुख्यतः लाँच आणि लोकल यांचाच आधार उरतो.

आता धरमतरच्या खाडीच्या मुखाशी रेवस आणि कारंजा यांना जोडणारा पूल होऊ घातला आहे. रेवस ते रेड्डी या सागरी मार्गाचे स्वप्न मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या कारकिर्दीपासून कोकण ऐकत आले आहे आणि ते साकार होणे इष्टच आहे. ‘रामदास’ ज्यांच्या स्मरणात आहे असा कोणीही त्यास विरोध करणार नाही. मात्र तो झाल्यावर रेवस-कारंजा तरीचे काय, हा प्रश्न आजच, पुलाचे काम चालू असतानाच, सोडवला पाहिजे. मेरीटाइम बोर्डाच्या दप्तरी ती उत्पन्नाची बाब म्हणून राहिली, तर धरमतरला जे झाले तेच रेवसला होईल, आणि वीस-तीस वर्षांनी कोंडी वाढली की मोटारवाल्यांपुरती महागडी बोट नव्या परवान्याने सुरू होईल. उलट तिची गणना रस्त्यांत केली, पुलाच्या पथकरातील अल्पसा भाग धक्क्यांच्या डागडुजीस आणि एक-दोन लाँचना कायमचा नेमून दिला, आणि तांडेलांना त्यांवर प्रथम हक्क दिला, तर पूल नादुरुस्त झाला, पाण्याखाली गेला किंवा कोंडीने बंद पडला, तरी तीर तुटणार नाही. मांडवीच्या तीरावर हे एकदा सिद्ध झाले आहे. कुलाब्याने, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडाने, ते शिकावयास पूल कोसळण्याची वाट पाहू नये.